वातकुक्कुटाचं पुनर्मूल्यांकन

आता जे सांगणार आहे त्यावर आजवर एकाही माणसाने विश्वास ठेवलेला नाही, आणि या गोष्टीचा मला थोडा अभिमानच आहे. लोक ज्यावर चटकन विश्वास ठेवतात त्या गोष्टी बघा ना. हवामानाचा अंदाज, प्लंबरने दिलेली वेळ, 'मी निघालोच आहे' हा फोन. त्या यादीत माझी गोष्ट बसावी अशी माझी इच्छा नाही. तेव्हा विश्वास ठेवू नका, नुसतं ऐका. गेल्या रविवारी इथे न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थला, माझ्या मित्राला गुरुनाथला आणि सुचित्रावहिनींना हे सांगायला घेतलं, तर पहिल्या वाक्यालाच गुरुनाथने चष्मा काढून पुसायला सुरुवात केली. चष्मा स्वच्छ होता. माझी मुलगी नीता बाहेर डेकवर तिच्या हॉस्पिटलशी फोनवर बोलत होती, त्यामुळे मला मोकळेपणाने सांगता येत होतं.

तर झालं असं, की आमच्या जावयाला एका रेकॉर्डचं पुनर्मूल्यांकन करायचं होतं.

पुनर्मूल्यांकन हा शब्द कोणी उच्चारला की मी आधी खिसा सांभाळतो. पन्नास वर्षांपूर्वी लोकांनी एखादी गोष्ट नाक दाबून फेकून दिलेली असते. मग एक पिढी जाते, वास मरतो, आणि पुढची पिढी येऊन म्हणते, अरे, हे किती खोल आहे. खोल असणारच. पुरलं होतं. आमच्या लहानपणी आम्ही ताटाखाली लपवलेला दुधी भोपळा आज वेलिंग्टनच्या हॉटेलात मोठ्या पांढऱ्या बशीच्या मधोमध एकटा बसलेला असतो, आणि लोक त्याचे फोटो काढतात. हे पुनर्मूल्यांकन. दुधी तोच आहे. आपले दात गेले म्हणून तो आवडायला लागतो, एवढंच.

ही रेकॉर्ड दुधीच्याही पुढची. चार बाजू, दोन तबकड्या, आणि उघडलं की सतरंजीएवढं होणारं पाकीट. नाव 'द ट्रायल ऑफ द वेदरकॉक'. बँडचं नाव 'सेंट बार्नबीज अम्ब्रेला'. पाच इंग्रज. पाचांचे केस एकदा कातरले असते तर इकडच्या एखाद्या मेंढपाळाचा हंगाम निघाला असता. क्षितिजने, म्हणजे जावयाने, मला समजावलं की हा प्रोग्रेसिव्ह रॉक आहे, आणि त्यातही कन्सेप्ट अल्बम आहे. म्हणजे सगळी गाणी मिळून एकच गोष्ट सांगतात. मी म्हटलं, गोष्ट सांगायची तर माणसाने तोंडाने सांगावी, त्यासाठी इतकी वीज जाळू नये.

गोष्ट अशी. एका खेड्यातल्या चर्चच्या टोकावर लोखंडी कोंबडा आहे. वारा कुठून येतो ते दाखवणारा. आपल्याकडे त्याला वातकुक्कुट म्हणतात. म्हणजे शब्दकोशात म्हणतात. प्रत्यक्षात हा शब्द कोणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. तर एक दिवस वारा पडतो, तो पुन्हा सुटतच नाही. गावकरी चिडतात, कोंबड्याला खाली उतरवतात आणि त्याच्यावर खटला भरतात. आरोप असा, की हा जन्मभर वाऱ्याप्रमाणे तोंड फिरवत आला, याला स्वतःचं मत म्हणून नाही, आणि याच्या लाळघोटेपणाला कंटाळूनच वारा निघून गेला. पहिल्या बाजूला नुसता वारा. दुसऱ्या बाजूला आरोपपत्र, ऑर्गनवर. तिसऱ्या बाजूला उलटतपासणी, ती सगळी ड्रमवर. चौथ्या बाजूला कोंबड्याचा जबाब.

या रेकॉर्डवरून जगात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, ही विसाव्या शतकातली महान कलाकृती. दुसऱ्या तटाने ती ऐकलेली आहे.

मी दुसऱ्या तटातला. रेकॉर्ड निघाली तेव्हाच पुण्यात एका मित्राकडे ऐकायला बसलो होतो आणि दुसऱ्या बाजूच्या मध्यावर चपला घालून निघालो होतो. क्षितिजचं सगळं भांडण याच चपलांशी. तो म्हणायचा, बाबा, तुम्ही ती पूर्ण ऐकलेलीच नाही आणि पन्नास वर्षं मत देताय. मी म्हणायचो, भात शिजलाय का बघायला सगळा कुकर संपवावा लागत नाही. खरी मौज पहिल्या बाजूची. वेलिंग्टनजवळ, आमच्या लोअर हटमध्ये राहणारा माणूस वाऱ्याची रेकॉर्ड विकत घेतो. आमच्याकडे दोरीवरचे कपडे शेजाऱ्याच्या आवारात वाळतात. घराबाहेर जे फुकट आणि बारा महिने मिळतं, ते याने इंग्लंडहून, वर्धापनदिनाची खास आवृत्ती म्हणून, खोक्यात घालून मागवलं.

हे मी सोडूनही दिलं असतं. पण प्रश्न रविवार सकाळचा होता.

आमच्या घरात गरम खोली एकच. हीट पंप दिवाणखान्यात, रेकॉर्ड प्लेअर दिवाणखान्यात, आणि रविवारी सकाळी दिवाणखान्यात मी. शाल, चहा आणि नाट्यसंगीत. इकडच्या हिवाळ्यात, जून-जुलैत, दक्षिणेकडून वारा सुटला की बाकीच्या घरात श्वास दिसतो. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, मला फार काही नको. पण आठवड्यातून एक सकाळ मला माझ्या मर्जीने ऊब आणि सूर एकत्र मिळतात, ती माझी आहे असं मी धरून चाललो होतो. क्षितिजचं म्हणणं पडलं की या रेकॉर्डला सकाळच लागते, ताजे कान लागतात, आणि आता रविवार आलटून पालटून घ्यावेत. मी म्हटलं, घे. गराजमध्ये खूप जागा आहे. तो म्हणाला, गराजमध्ये तुम्ही ट्रान्झिस्टर घेऊन बसू शकता, बाबा, तुमच्या गाण्यांना स्टिरिओ लागत नाही.

माझ्या गाण्यांना स्टिरिओ लागत नाही. हे वाक्य त्याने हसत म्हटलं, म्हणून मी त्याला माफ केलेलं नाही.

नीताने मध्यस्थी केली. तिला दोघांचाही कंटाळा आला होता. ती म्हणाली, चार माणसांना बोलवा, पूर्ण रेकॉर्ड ऐकवा, ते ठरवतील. चांगली निघाली तर रविवार क्षितिजचा, भिकार निघाली तर तुमचा, आणि माझ्यापुढे पुन्हा हा विषय नको. मी लगेच हो म्हटलं. त्या चार बाजू शुद्धीत ऐकतील आणि चांगल्या म्हणतील, अशी चार मराठी माणसं दक्षिण गोलार्धात नाहीत, याची मला खात्री होती.

चारच माणसं आली असती तर काहीच झालं नसतं. पण नीता हे इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीपाशी, कल्याणीपाशी बोलली. कल्याणीचं त्या महिन्याचं गाणं रद्द झालं होतं. ऑकलंडहून येणाऱ्या गायिकेचा घसा बसला होता. हॉल घेतलेला, बटाटेवड्यांची वाटणी झालेली, आणि कार्यक्रम नाही. कल्याणीने त्या संध्याकाळीच सगळ्यांना कळवलं: 'पाश्चात्य अभिजात अल्बमचे रसग्रहण व पुनर्मूल्यांकन. सोबत अल्पोपाहार.' लोकांनी शेवटचे दोन शब्द वाचले आणि येतो म्हणून कळवलं.

मग सल्ले सुरू झाले. आमचे शेजारी ग्रॅहम, निवृत्त सुतार, कुंपणापलीकडून म्हणाले की हा बँड त्यांच्या तरुणपणी इकडे येऊन गेला होता आणि ते स्वतः हजर होते. कसा होता म्हणून विचारलं, तर म्हणाले, पहिल्या बाजूला झोप लागली, जाग आली तेव्हा वाद्यं भरून ट्रक निघत होता. आयुष्यातली उत्तम झोप. त्यांनी बजावलं की दिवे घालवूनच ऐका. मंडळाचे अध्यक्ष धैर्यशील म्हणाले, दिवे घालवायचे नाहीत, अध्यक्षीय भाषण कागदावर आहे. आमच्या केमिस्टने पोटासाठी आधीच एक गोळी घ्यायला सांगितली. वडे आहेत म्हणून म्हणत असेल, पण मी ते दुसऱ्या बाजूसाठी लिहून ठेवलं.

हॉल सांभाळणाऱ्या बाईंनी तर माझी उलटतपासणीच घेतली. त्यांच्या कागदावर कार्यक्रमाचे प्रकार छापलेले होते: लग्न, वाढदिवस, योग, प्रार्थना, वाद्यवृंद. पुष्कळ लोक जमून एक रेकॉर्ड ऐकणार आणि तिच्यावर निकाल देणार, हा प्रकार छापलेला नव्हता. बाईंनी जरा विचार करून 'प्रार्थना'वर खूण केली. पुढे संभाव्य धोके असा रकाना. या देशात तुम्ही चहा जरी करणार असलात तरी आधी धोके लिहून द्यावे लागतात. मी प्रामाणिकपणे सांगितलं, तिसरी बाजू. बाईंनी शांतपणे 'साइड थ्री' असं लिहून घेतलं आणि विचारलं, त्यावर उपाय काय करणार? मी म्हटलं, चौथी. तेही लिहिलं. मग जाताजाता म्हणाल्या की हॉलमध्ये अगरबत्ती, मेणबत्ती, धूर असलं काही चालणार नाही, छतावरचं यंत्र फार हळवं आहे. मी म्हटलं, बाई, इथे धार्मिक काहीच नाही, नुसती रेकॉर्ड आहे. खरंच तसं वाटत होतं मला तेव्हा.

आता रेकॉर्ड प्लेअर हॉलवर न्यायचा, यात काय कठीण? उचलायचा आणि न्यायचा. पण आमचे जावईबापू पडले इंजिनिअर, त्यात पुण्याचे, आणि राहायला भूकंपाच्या मुलखात. आल्या वर्षी एकदा जमीन थरथरली आणि कपाटातल्या बश्या वाजल्या. त्या दिवशी क्षितिजने घरातली प्रत्येक वस्तू बांधून टाकली. टीव्ही भिंतीला, फुलदाणी टेबलाला, आणि रेकॉर्ड प्लेअर खालच्या शिसवी कपाटाला असे काही स्क्रू पिळून बसवला की आता कपाट फोडल्याशिवाय तो निघत नाही. ग्रॅहम हत्यारं घेऊन आले, वाकून बघितलं, आणि आदराने म्हणाले, भूकंपात हे घर पडेल, पण हे कपाट उभं राहील.

म्हणून कपाटच न्यायचं ठरलं. आणि कपाटाच्या वरच्या फळीवर आमचं देवघर.

तुम्ही म्हणाल, देव खाली काढून ठेवायचे. ठेवले असते. पण भूकंपात देव हलू नयेत म्हणून क्षितिजने प्रत्येक मूर्तीखाली म्यूझियममध्ये वस्तूंखाली लावतात तो चिकट मेणाचा गोळा लावला होता. गणपती ओढून बघितला तर फळी वर यायला लागली. नीता म्हणाली, आता ओढू नका, बरं नाही दिसत. मग देवांना विचारून, हळदकुंकू लावून, तांदूळ वाहून, ग्रॅहमच्या ट्रेलरवर कपाट उभं बांधलं. पुढे रेकॉर्ड प्लेअर, वर गणपती, बाजूला बाळकृष्ण, आणि त्यावर ऊन लागू नये म्हणून नीताने टाकलेलं जरीचं उपरणं.

गुरुनाथ इथे म्हणाला, ट्रेलरवर देव नेले, हे नीता करू देईल? मी म्हटलं, नीता स्वतः मागच्या गाडीत बसली होती. चष्मा पुन्हा नाकावर गेला. म्हणजे पुढे सांगायला हरकत नव्हती.

ग्रॅहम हळू चालवत होते, कारण वारा असा होता की उपरणं ध्वजासारखं फडफडत होतं. मागे नीताची गाडी, धोक्याचे पिवळे दिवे लावून. मोठ्या रस्त्याला लागतो न लागतो तोच शेजारून एक गाडी गेली, तिच्यातल्या कोणीतरी काच खाली करून मोरयाची आरोळी दिली. ती गाडी आमच्या मागे लागली. त्यांना बघून दुसरी. गणपतीचे दिवस नव्हते, पण परदेशात माणूस पंचांग बघत नाही, गर्दी बघतो. कोणी हॉर्नवर ताल धरला. एका सर्कलला ग्रॅहमना बाहेर पडायची वाट चुकली, ते परत एक फेरी घालून आले, आणि मागच्या सगळ्यांनी भक्तिभावाने ती प्रदक्षिणा पूर्ण केली. रांगेतलं एक जोडपं तर विमानतळावर निघालेलं होतं. ते विमान चुकलं. पण वडे खाऊन गेले.

हॉलवर पोहोचलो तेव्हा मामला माझ्या हातातून गेला होता. कपाट स्टेजवर ठेवलं. समोर देव, म्हणून लोकांनी दारात चपला, बूट, जॅन्डल्स म्हणजे इकडच्या रबरी सपाता, सगळं काढलं. कोणीतरी फुलं आणली. देव आले आहेत तर आरती नाही का करायची, असं एक आजी म्हणाल्या, आणि या प्रश्नाला नाही म्हणणारा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे. आरती झाली. कल्याणीच्या पर्समध्ये कापूर निघाला. मला हॉलच्या बाईंची आठवण झाली, मी छताकडे पाहिलं, यंत्राचा बारीकसा हिरवा दिवा शांत होता. मी म्हटलं, एवढ्याशा कापराने काय होतंय. मग धैर्यशील यांनी अध्यक्षीय भाषण केलं. त्यात त्यांनी अल्बमचं नाव एकदाही घेतलं नाही, मात्र संस्कृती हा शब्द इतक्या वेळा आणि अशा जोराने घेतला की पुढच्या रांगेत बसलेले ग्रॅहम, देवाचं नाव असावं असं समजून, दर वेळी मान लववत होते.

आता निवेदन. आपल्याकडे निवेदनाशिवाय गाणं ऐकायची पद्धत नाही. गायक कितीही मोठा असो, त्याच्या आधी एका माणसाने उभं राहून, आता तुम्हाला काय वाटणार आहे, ते सांगावं लागतं. हे काम क्षितिजचं होतं. त्याने पडद्यावर दाखवायला चित्रं केली होती, त्यात मात्रांचे तक्ते होते: इथे सातची मात्रा, इथे अकराची. कल्याणीने तो पहिला तक्ता बघूनच सांगितलं की हे ऑफिसात दाखवा. इथे गोष्ट लागते, ती मराठीत लागते, आणि ती बाळकाका सांगतील.

बाळकाका म्हणजे मी. क्षितिजचं तोंड पडलं. त्याने मला बाजूला घेतलं आणि एकच अट घातली. म्हणाला, "बाबा, गोष्ट सांगा. मत सांगू नका. तेवढं सांभाळा."

मी शब्द दिला. आणि शब्द देताना मनात पक्कं ठरवलं होतं की गोष्टच अशी सांगायची की मताची गरज पडू नये. कोंबड्याचं असं हसं करायचं की दुसऱ्या बाजूला लोकांनी आपणहून चपला शोधाव्यात.

सुई टेकण्याआधी मी माईक हातात घेतला. म्हटलं, मंडळी, एका गावात एक कोंबडा होता. लोखंडी. गुळगुळीत. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करणारा. लोक हसले. मला जोर आला. मी म्हटलं, याला लोक लाचार म्हणत, कणा नसलेला म्हणत, पण करणार काय, त्याची नोकरीच ती होती. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माईक हातात असलेल्या पुणेकराला थांबवायला निसर्गाने काही सोय केलेली नाही. मी म्हणालो, त्याला त्या टोकावर कोणी बसवलं? गावानेच. वर जा म्हणाले, गेला. इकडे बघ म्हणाले, बघितलं. वारा दक्षिणेकडे घेऊन गेला, दक्षिणेकडे गेला. आणि एवढ्या उंचावर, घरापासून इतक्या लांब एकटा उभा राहिल्यावर त्याला एवढंच ऐकायला मिळालं, की याला स्वतःचं असं काही नाही.

हॉलमध्ये कोणी हसेना. पुढच्या रांगेत मुंबईहून आलेला एक दात काढणारा डॉक्टर जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, वडे गार होतायत म्हणून.

सुई टेकली. पहिली बाजू, नुसता वारा. आणि त्या माणसांनी तो वारा ऐकला. स्वतःच्या घराच्या छपरावर रोज घोंघावणारा वारा, तोच, डोळे मिटून. असल्या लोकांचं काय करायचं? दुसऱ्या बाजूआधी मी सावरायला गेलो, म्हणून आरोपपत्र जरा जास्तच कडक केलं. गावकरी इतके दुष्ट झाले की एका बाईने मोठ्याने 'मेल्यांनो' म्हटलं. ऑर्गन वाजत होता तो सगळा वेळ लोक गावकऱ्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. मी ज्या ठिकाणी पन्नास वर्षांपूर्वी उठलो होतो ती जागा आली आणि गेली. कोणी उठलं नाही. मलाही उठता येईना, मी स्टेजवर होतो.

तिसरी बाजू. उलटतपासणी. ड्रम असे की वीटभट्टी कोसळावी, आणि त्यात मध्येमध्ये सायरनसारखा एक कर्कश आवाज. पाच-सात मिनिटांनी तो सायरन वाढला. फारच वाढला. कान फाटायची वेळ आली. लोक भारावले. धैर्यशील गुडघ्यावर तीनताल धरून बसले होते, ते डोळे मिटून म्हणाले, वा. क्षितिजच्या चेहऱ्यावर गोंधळ होता, त्याला हा भाग आठवत नव्हता. पण खास आवृत्ती आहे, काहीतरी जादा घातलं असेल, असं त्याला वाटलं असावं. मी वर पाहिलं. छतावरचा हिरवा दिवा लाल झाला होता. कापूर पोहोचला होता.

आगीची घंटा वाजते आहे आणि भरला हॉल तिला रसिकतेने दाद देतो आहे, हे दृश्य मी पाहिलं. मी माईक खाली ठेवला. या रेकॉर्डवर माझं जे मत होतं, ते याहून चांगल्या शब्दांत मला मांडता आलं नसतं.

बंबवाले आले. दारात चपलांचा ढीग पाहून थबकले. एका आजींनी त्यांना बुटांकडे बोट दाखवलं, आणि त्यांनी बूट काढले.

"ते बूट काढत नसतात," गुरुनाथ म्हणाला.

"आजींनी बोट दाखवल्यावर तूही काढशील," मी म्हटलं. सुचित्रावहिनी हसल्या, म्हणजे हा मुद्दा निकालात निघाला.

बंबवाल्यांनी मोजे घालून हॉल तपासला, कापराची वाटी हुंगली, यंत्र बंद केलं. आणि यंत्र बंद झाल्यावर ड्रम एकटेच वाजत राहिले, तेव्हा लोकांच्या तोंडावर चक्क निराशा पसरली. बंबवाल्यांचा म्होरक्या, मिशीवाला, वडा खाताखाता कपाटाकडे बघत म्हणाला की ही रेकॉर्ड त्याच्या वडिलांकडे होती, आणि तिसऱ्या बाजूला नेमका सायरनच कमी पडायचा. मग ते सगळे भिंतीला टेकून बसले. जायला निघाले नाहीत.

चौथी बाजू मात्र बारीक होती. ड्रम नाहीत, ऑर्गन नाही, पेटीसारखं काहीतरी हळू वाजत होतं आणि एक म्हातारा आवाज कोंबड्याचा जबाब सांगत होता. इंग्रजी उच्चार जुने, निम्मे कळले नाहीत. तो इतकंच म्हणत राहिला की मी वारा कधी पाहिलेला नाही, मी फक्त वळलो. शेवटी आवाज थांबला, आणि दुरून वारा यायला लागला, आणि लोखंड वळताना करकरतं तसा आवाज झाला, एकदाच. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते कापराचं. कापूर डोळ्यांना फार झोंबतो, हे कोणीही सांगेल.

रेकॉर्ड संपली. सुई आपोआप उठली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कारण निकाल लागलेला नव्हता. त्या पाच इंग्रजांनी चार बाजू वाजवून कोंबडा दोषी की निर्दोष तेच सांगितलं नव्हतं. क्षितिजने उठून समजावलं की ही संदिग्धताच या कलाकृतीचा आत्मा आहे. आजी म्हणाल्या, आत्मा राहू दे, सोडला की नाही त्याला? दातांचा डॉक्टर म्हणाला, हे बरोबर नाही, असं अर्धवट सोडून लोकांना घरी पाठवायचं नसतं. धैर्यशील उभे राहिले, त्यांच्यात न्यायाधीश संचारला होता. म्हणाले, मतदान घेऊ. कोंबडा निर्दोष आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. क्षितिज घाईने म्हणाला, काका, मतदान अल्बमवर आहे, कोंबड्यावर नाही. कल्याणी म्हणाली, एकच आहे ते, मी तसंच लिहिते आहे. आणि वडे गरम करायला टाकलेत.

म्हणजे बघा. माझी रविवार सकाळ, माझी शाल, माझी ऊब, एका लोखंडी कोंबड्याच्या चारित्र्यावर टांगली गेली. या रेकॉर्डच्या दर्जाबद्दल त्या हॉलमध्ये एका माणसाने एक शब्द उच्चारला नाही. हे पुनर्मूल्यांकन.

हात वर गेले. आजींचा गेला, डॉक्टरचा गेला, विमान चुकलेल्यांचे गेले, भिंतीजवळच्या बंबवाल्यांचे गेले, ग्रॅहमचा झोपेतच गेला. हातांचं शेत उभं राहिलं. आणि त्या शेतात, मी गुरुनाथला म्हटलं, फक्त एक माणूस हाताची घडी घालून बसला होता. मी. मला ठाऊक होतं की आता रविवार गेला, म्हणून तर आज सकाळी मी तुझ्या सोफ्यावर आहे आणि तिकडे आमच्या दिवाणखान्यात हीट पंपासमोर वारा वाजतो आहे. पण म्हटलं, सगळ्या हॉलने एका दिशेला तोंड फिरवलं तरी एका माणसाने तरी जागचं हलायचं नाही. कलेच्या बाबतीत मी तडजोड केलेली नाही. माझा हात मांडीवरून एक बोटभर उचलला गेला नाही.

डेकचा दरवाजा सरकवून नीता आत आली होती, ते मला दिसलं नव्हतं. फोन पर्समध्ये टाकत ती म्हणाली, "बाबा, धैर्यशीलकाकांचा प्रश्न संपायच्या आधी तुमचा हात वर होता. आणि एक नाही, दोन्ही. काकांनी एक खाली करायला सांगितला, तर तुम्ही त्यांच्याशी भांडलात."